नाटकाचं नाव ‘लिहितात’ की ‘काढतात’? सुलेखन, अक्षरांकन, टंक

प्रश्न : कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेल्या शीर्षकांना कुणी ‘सुलेखन’ म्हणतं, तर कुणी ‘हा फाँट कुठे मिळेल?’ असं विचारतं. कॅलिग्राफी, लेटरिंग आणि टाइप यांना मराठीत नेमके शब्द कोणते?

उत्तर : क्रियापदं बघा, उत्तर तिथेच आहे. सुलेखन (कॅलिग्राफी) लिहितात, अक्षरांकन (लेटरिंग) काढतात, टंक (टाइप, म्हणजेच फाँट) जुळवतात.

सुलेखनात जाड-बारीकपणा टाकच, म्हणजे लेखणीच, देते. देवनागरीसाठी बोरूचं टोक तिरकं कापतात, तेही रोमनच्या उलट्या बाजूने. रोमनचा टाक तसाच वापरला तर जाडी भलत्या जागी येते आणि अक्षर परकं दिसतं. सरावाला ५ मिमी रुंद टाक आणि २५ मिमी उंचीचं अक्षर घ्या. ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. गिरवलीत की ते अक्षरांकन झालं.

शेडग्यांचं काम अक्षरांकनाचं. आधी पेन्सिलीने आराखडा, शिरोरेषेची लांबी, वेलांटी कुठवर न्यायची याचा निर्णय, मग कडा पक्क्या करून आतला भाग भरायचा. वर्तमानपत्रातल्या अरुंद जाहिरातीत शाई पसरते आणि ‘ष’, ‘क्ष’, ‘ळ’ यांच्या पोकळ्या बुजतात, म्हणून त्या मुळातच मोकळ्या ठेवाव्या लागतात. एवढ्याशा जागेत नाटक गंभीर आहे की विनोदी हे नुसत्या नावाच्या वळणावरून कळावं, हे मोठं कसब आहे. त्याला ‘फाँट’ म्हटलं की ते कसबच पुसलं जातं.

शंका : शाळेतल्या सुलेखन स्पर्धेत तर फक्त वळणदार हस्ताक्षर बघतात. मग तो शब्द कॅलिग्राफीला कसा चालेल?

उत्तर : चालतो आणि रुळलाही आहे. अच्युत पालव यांच्या कामाला सगळे सुलेखनच म्हणतात. शाळेतल्या प्रकाराला ‘शुद्ध व वळणदार लेखन’ म्हणावं. कित्ता गिरवणं आणि टाकाने रचना करणं यांत बरंच अंतर आहे.

पुरवणी, ‘टंक’बद्दल : छापखान्यात सुटा तुकडा म्हणजे ‘खिळा’ आणि तो जुळवणारा ‘जुळारी’. आज जुळणी संगणक करतो, पण तत्त्व तेच: प्रत्येक अक्षर कुठल्याही शेजाऱ्याबरोबर बसलं पाहिजे. म्हणूनच शीर्षकातली सहा अक्षरं उचलून त्यांचा फाँट होत नाही. ‘कि’ची वेलांटी ‘स्थि’ला आखूड पडते, त्यामुळे वेगवेगळ्या लांबीच्या वेलांट्या काढाव्या लागतात. रफार, उकार, जोडाक्षरं धरून टंकातल्या अक्षरचित्रांची संख्या काहीशेंवर जाते. मराठीला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दिसायलाच हवेत. ‘ऱ्य’ नसलेला टंक मराठीसाठी अपुरा.

वापरणाऱ्यांच्या दोन चुका नेहमी दिसतात. रोमनच्या सवयीने अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा होतो. टंक आडवा ताणला की काने जाड होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच राहते. रुंद अक्षर हवं असेल तर रुंद वळणाचाच टंक निवडा.

आणखी एक : र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांना एकाच शब्दात बसवू नका. ते सुलेखनकार होते, आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक त्यांचा, म्हणजे टंककारही. श्रेयनामावलीत काम बघून शब्द घाला: ‘शीर्षक अक्षरांकन : अमुक’, ‘मजकुराचा टंक : मुक्ता (‘एक टाइप’ ही संस्था, मुंबई)’. नुसतं ‘अक्षरं : अमुक’ लिहिलं तर ती कुणी काढली आणि कुणी फक्त निवडली हे वाचणाऱ्याला कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता : मग पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं काम?

उत्तर : अक्षरांकनच. ब्रश एका फटक्यात चालवून केलं असेल, तर सुलेखनाच्या जवळचं.