फौजी भाडेकरू, फौजी घरमालक: तुमचे अनुभव सांगा

लग्नानंतरची बरीच वर्षं मी भाड्याच्या घरांत काढली. नवऱ्याचं युनिट पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठिकाणी, आलं तरी सरकारी क्वार्टर लगेच मिळत नाही, वेटिंग लिस्ट असते. तोवर सिव्हिलमध्ये, म्हणजे छावणीबाहेर, घर शोधायचं. आता पुण्यातला आमचा फ्लॅट आम्ही भाड्याने दिलाय आणि स्वतः दुसऱ्या राज्यात राहतोय. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. फौजी माणसाला घर देताना किंवा त्याचं घर घेताना भाड्याच्या आधी बदलीचं बोलून घ्यावं. बदलीची तारीख ना त्याच्या हातात ना मालकाच्या, आणि करारात तिचा उल्लेख नसला की चांगली माणसंही शेवटच्या आठवड्यात डिपॉझिटवरून एकमेकांना दुखावतात.

खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, कुठेही घर दिलं-घेतलं असेल तर लिहा. काय ठरलं होतं आणि काय झालं, दोन्ही सांगा.

घरमालकीण, देवळाली

आमच्या वरच्या मजल्यावर कायम तोफखान्यातलीच कुटुंबं असतात. स्कूल ऑफ आर्टिलरी जवळ, त्यामुळे कोणी कोर्सपुरतं येतं, कोणी इन्स्ट्रक्टर म्हणून दोन-तीन वर्षांसाठी. सामान येतं काळ्या पत्र्याच्या ट्रंकांतून. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, आणि आधीच्या स्टेशनवर रंग मारून लिहिलेलं नवं स्टेशन. चार ट्रंका जोडून वर गादी टाकली की दिवाण तयार. ट्रंक ओढली की फरशीवर ओरखडे पडतात, म्हणून सामान उतरायच्या आधीच मी जिन्यापासून आतल्या खोलीपर्यंत गोणपाट अंथरून ठेवते.

भाडं वेळेवर येतं, घर स्वच्छ राहतं, हे सगळेच सांगतील. मला बोलायचंय ते आपल्या घरमालकांबद्दल. हे लोक हुज्जत घालत नाहीत, गाडी ठरलेली असते, पुढच्या ठिकाणी हजर व्हायची तारीख ठरलेली असते. हे ठाऊक असल्यामुळे काही जण रंगकामाच्या नावाखाली अख्खं डिपॉझिट कापतात. याची मला मनापासून चीड येते. मी घर ताब्यात देताना वहिनींना घेऊन खोलीखोलीत फिरते, नळ सोडून बघते, मोबाईलवर व्हिडिओ करते आणि तो दोघींकडे ठेवते. निघताना तोच लावून बघायचा. अजून एकदाही वाद झालेला नाही.

आणि एक. साहेबांचं पोस्टिंग वर्षाच्या मध्येच येतं, मुलांच्या परीक्षा मार्चमध्ये असतात. तेवढे महिने कुटुंबाला त्याच भाड्यात राहू द्यावं.

नाईकाची बायको, खडकी

माझे मिस्टर फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा सीमाभागात, होते तेव्हा मी मुलाच्या शाळेसाठी पुण्यात थांबले. घर बघायला गेलं की पहिला प्रश्न, "साहेब कुठे आहेत?" काश्मीरला म्हटलं की "एकट्या बाईला घर देत नाही." देशासाठी लढणाऱ्यांचा अभिमान आहे म्हणणाऱ्यांच्याच तोंडून हे ऐकलं.

पैशाचंही सांगते, कारण लोकांना वाटतं सरकार सगळं भरतं. सातव्या वेतन आयोगात नाईक या हुद्द्याचं मूळ वेतन 25,500 पासून सुरू होतं. पुण्यात घरभाडे भत्ता त्याच्या 30 टक्के, म्हणजे 7,650 रुपये. तेवढ्यात इथे दोन खोल्यांचं घर मिळत नाही, वरचे पैसे पगारातून जातात.

शेवटी एका काकूंनी घर दिलं. एजंट म्हणत होता करार मिस्टरांच्याच नावाने हवा, ते सुट्टीवर आल्यावर करू. काकू म्हणाल्या, "राहणार ही आहे, हिच्याच नावाने कर." माझ्या आधारवर, माझ्या अंगठ्याने ऑनलाइन नोंदणी झाली. पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीतही माझंच नाव. गॅस, मुलाची शाळा, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तोच करार चालला. नवरा फील्डमध्ये असलेल्या बायकांनी हा आग्रह धरावाच.

निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

मी दुसऱ्या बाजूचा. नोकरीत असताना घर बांधलं आणि भाड्याने दिलं. निवृत्ती जवळ आली तरी भाडेकरू निघेना. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 23 मध्ये सैन्यातल्या आणि निवृत्त घरमालकांसाठी खास तरतूद आहे. स्वतःला राहायला घर हवं असेल आणि त्या भागात दुसरं योग्य घर नसेल, तर अधिकृत अधिकाऱ्याचा तसा दाखला जोडून सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, मुदत संपूनही कोणी बसून राहिला तर कलम 24 आहे. त्यात दुप्पट भाड्याइतकी भरपाई मागता येते. माझं काम नोटिशीवरच झालं. वकिलांनी दोन्ही कलमं लिहून पाठवली आणि भाडेकरूने घर सोडलं. जवानांनी हे सेवेत असतानाच माहीत करून घ्यावं.

घरमालक, लोहगाव

एअर फोर्सवाल्यांना घर देतो. थोडक्यात लिहितो. "भाडं थकलं तर पगारातून कापून घेऊ" हा समज सोडा. लष्करी कायदा 1950 च्या कलम 28 प्रमाणे कोर्टालाही जवानाच्या पगारावर जप्ती आणता येत नाही. हवाई दलाच्या कायद्यातही तसंच संरक्षण आहे. म्हणून डिपॉझिट व्यवस्थित घ्या आणि करार नोंदवा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, करार अकरा महिन्यांचा असला तरी. आणि किरकोळ कारणावरून सीओंना (युनिटच्या प्रमुखांना) पत्र लिहायची धमकी देऊ नका. त्या माणसाच्या नोकरीला ते लागतं.

पुन्हा मी

बऱ्याच जणांनी बदलीचं कलम कसं लिहायचं ते विचारलंय. आमच्या दोन्ही करारांत असंच आहे, हवं तर उचला: "परवानाधारकाची (भाडेकरूची) अथवा त्यांच्या जोडीदाराची सेवेतील बदली झाल्यास, बदली आदेशाची प्रत दिल्यापासून तीस दिवसांनी लॉक-इनची (ठरावीक काळ घर न सोडण्याची) अट लागू न होता करार संपेल. कुटुंबास शैक्षणिक वर्षाअखेरपर्यंत, मात्र कराराच्या मूळ मुदतीत, त्याच दराने राहता येईल. अनामत रक्कम ताबा देतानाच परत केली जाईल." आदेशावर युनिटची माहिती असते, ती झाकून प्रत दिली तरी मालकाने चालवून घ्यावं. नाव आणि तारीख दिसली की पुरे.