बल्गेरियन मेंढपाळी सुरा (काराकुलाक) बाबांसाठी घ्यायचाय, पण हा नक्की कुणाचा? आणि कुठून घ्यावा?

अडकित्तेवाल्याची_लेक

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दीड वर्ष सोफियाला आहोत, मे महिन्यात पुण्याला येतोय. बाबांसाठी काहीतरी खास न्यायचंय. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला ३४ वर्षं होते, रिटायर झाल्यापासून जुने अडकित्ते जमवतात, केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभे राहिले की आम्ही आत सगळं बघून परत येतो तरी ते तिथेच असतात. त्यांना शो-पीस नको असतो, हत्यार "कसं केलंय" ते बघायचं असतं.

तर इथे अलेक्झांडर नेव्हस्की चर्चजवळ जुन्या वस्तूंचे स्टॉल लागतात, तिथे मला एक सुरा दिसला. पातं साधारण फूटभर, जवळजवळ सरळ, मूठ काळ्या शिंगाची आणि मुठीच्या टोकाला दोन कानांसारखं फाकलेलं. पात्यावर सिरिलिक अक्षरं आणि १८ ने सुरू होणारं साल. विकणारे आजोबा म्हणाले हा काराकुलाक, आमच्या ओव्चारचा म्हणजे मेंढपाळाचा सुरा, अस्सल बल्गेरियन. मी फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपमधे टाकला तर नवऱ्याची इझमीरची कलीग म्हणाली हे तर आमचं, नावच तुर्की आहे, यातागानाचं, म्हणजे जुन्या तुर्की लढाऊ सुऱ्याचं, धाकटं भावंड. आणि शेजारची ग्रीक बाई म्हणाली अशी फाकलेली मूठ आमच्या क्रीट बेटावरच्या सुऱ्यांना असते, तुम्ही तिथल्या हानिया शहरात जाऊन बघा. मी पुन्हा त्या आजोबांकडे गेले आणि सहज "यातागान का?" असं विचारलं तर ते एकदम गप्प झाले आणि सुरा उचलून कापडात गुंडाळला. मला फार वाईट वाटलं, माझं काय चुकलं तेही कळेना.

मग माझे प्रश्न असे की हा घ्यावा का, खरा जुना कसा ओळखायचा, भारतात आणता येतो का, आणि बाबांना सांगताना "कुठला" म्हणून सांगू?

पोलादपंत

ताई, धागा वाचून बरं वाटलं, बाबांना नमस्कार सांगा. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे पण तिघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. नाव कुणाचं, आकार कुणाचा, घडवला कुणी आणि कमरेला लावला कुणी, हे ४ प्रश्न सुटे केले की निम्मं भांडण मिटतं.

नाव तुर्कीच. कारा म्हणजे काळा (काराकोरम मधला तोच कारा) आणि कुलाक म्हणजे कान. काळ्या शिंगाची कानवाली मूठ, म्हणून काळकान्या. गंमत बघा, कॅराकल नावाचं जे रानमांजर आहे, ज्याच्या कानांवर काळे झुपके असतात, त्याचं नाव याच तुर्की शब्दावरून आलंय आणि आपल्याकडे त्याला फारसीतून स्याहगोश म्हणतात, अर्थ तोच, काळे कान. पण नावावरून मालकी ठरवायला लागलो तर आपली कैची, चाकू आणि तोफ हे शब्दही तुर्की घराण्यातलेच आहेत, बल्गेरियन लोक खिशातल्या मिटवायच्या चाकूला चेकिया म्हणतात तोही तिथूनच. म्हणून आपल्या लोहाराच्या हातचा चाकू तुर्की होत नाही.

आकाराचं म्हणाल तर यातागान हा उस्मानी म्हणजे ऑटोमन तुर्की साम्राज्यातला जुना प्रकार. सुलतान सुलेमानसाठी अहमद तेकेलू नावाच्या कारागिराने १५२६-२७ मधे केलेला यातागान इस्तंबूलला तोपकापी राजवाड्यात आहे, बाबांना त्याचा फोटो जरूर दाखवा, त्यावरचं सोन्याचं काम बघून ते रात्रभर झोपायचे नाहीत. पण यातागानाचं पातं आतल्या बाजूला वाकलेलं असतं, धार त्या आतल्या बाकाला असते, ते लढाईचं हत्यार. काराकुलाकचं पातं बरंचसं सरळ, पाठ जाड, म्हणजे फांदी तोडायला, कातडं सोलायला, पाव कापायला आणि लांडगा आला तर त्यालाही. कान तेवढे सारखे. आणि ते कान शोभेचे नाहीत, जोरात ओढून कापताना मूठ हातातून निसटत नाही. बाबांना हे सांगावं लागणार नाही, हातात घेतल्याबरोबर कळेल.

क्रीटबद्दल तुमच्या शेजारीणबाई बरोबर बोलल्या. हानियात सिफाका नावाची गल्लीच सुरेवाल्यांची म्हणून ओळखली जाते, तिथल्या सुऱ्यांची मूठ इंग्रजी व्ही अक्षरासारखी फाकलेली असते आणि पात्यावर मांतिनादा म्हणजे दोन ओळींचं काव्य कोरतात. पण तो वेगळा सुरा, वेगळं पातं. एकाच मोठ्या राज्यात शेकडो वर्षं राहिलेल्या कारागिरांची मूठ एकमेकांसारखी दिसणारच.

घडवला कुणी, याला उत्तर आहे गाब्रोवो. बाल्कन डोंगराच्या उत्तरेला, शिपका खिंडीच्या खाली, यांत्रा नदीवर. शेती कमी, पाणी आणि लाकूड भरपूर, त्यामुळे गावच्या गाव कारागीर, इथले व्यापारी माल घेऊन बुखारेस्टपर्यंत जायचे.

आणि वापरला कुणी तर मेंढपाळांनी. आता हे मेंढपाळ कोण? बल्गेरियन होते, ग्रीक बोलणारे काराकाचान होते, तुर्की बोलणारे युरुक होते. उन्हाळ्यात डोंगरावर आणि थंडीत कळप घेऊन खाली एजियन समुद्राकडे. इस्तंबूलला लागणाऱ्या मेंढ्यांचा मोठा पुरवठा याच भागातून व्हायचा. आपल्या धनगरांची पावसाळ्याआधी-नंतरची चाल आठवा म्हणजे कळेल, वाटेत भेटलेल्या माणसाच्या कमरेला चांगलं हत्यार दिसलं की आपल्या लोहाराला तसंच करायला सांगणारच ना.

जुन्नरी

पंत, माहिती उत्तम, पण मला पटत नाहीये. १४व्या शतकाच्या शेवटापासून १८७८ पर्यंत तिथे उस्मानी राज्य होतं. नाव तुर्की, कान तुर्की, मग सरळ तुर्की म्हणा की. उगाच प्रत्येक देशाने आपापलं लेबल का लावायचं.

बुर्साकर

जुन्नरी भाऊ, मी ४ वर्षं बुर्साला गाड्यांच्या फॅक्टरीत आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो. बुर्सा तुर्कस्तानात चाकूसुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, बुर्सा बिचाक (बिचाक म्हणजे सुरा) हा इथल्या माणसाचा अभिमान, तसंच देनिझली प्रांतात यातागान नावाचं गावच आहे, तिथे आजही चाकू बनतात. पण इथल्या दुकानात बसून चहा घेतलात ना की म्हातारे कारागीर स्वतःच सांगतात, आमचे आजे-पणजे तिकडून आले. १८७७-७८ च्या रशिया-तुर्की युद्धानंतर बाल्कनमधून लाखो मुसलमान निर्वासित होऊन अनातोलियात आले, बुर्सात खूप, आणि त्यांच्यात सुरे घडवणारेही होते. म्हणजे तोच माणूस, तोच हातोडा, काल बल्गेरियात बसून ठोकत होता आज बुर्सात ठोकतोय. त्याने काल केलेला सुरा बल्गेरियन आणि आजचा तुर्की? मला तर वाटतं देशाचं नाव लावण्यापेक्षा गावाचं लावावं. गाब्रोवोचा, बुर्साचा, हानियाचा. गाव खोटं बोलत नाही.

ता.क. कुणीतरी विचारायच्या आत सांगतो, तुर्की बिचाक आणि आपला मराठ्यांचा बिचवा यांचा संबंध नाही. बिचवा विंचवावरून, बिच्छू. ऐकायला सारखं वाटतं एवढंच.

जुन्नरी

बिचव्याचंच विचारणार होतो 🙂 गावाचं नाव लावायचं हे पटलं.

प्लोव्दिवची_डॉक्टरीण

ताई मी प्लोव्दिवला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे, त्या आजोबांबद्दल लिहायलाच लॉगिन केलं. तुमचं काही चुकलं नाही पण इकडे यातागान हा शब्द साधा नाहीये. १८७६ मधे बल्गेरियन लोकांनी उस्मानी राज्याविरुद्ध केलेल्या एप्रिल उठावानंतर बाशीबुझुकांनी, म्हणजे उस्मानींच्या बेशिस्त भाडोत्री फौजेने, गावंच्या गावं कापली, बातक गावात चर्चमधे आसरा घेतलेल्या बायका-मुलांनासुद्धा सोडलं नाही. ते चर्च आता स्मारक आहे, मी गेले होते, आत हाडं ठेवलेली आहेत, बाहेर आल्यावर आमच्यातलं कुणीच तासभर बोललं नाही. इथल्या शाळेतल्या मुलांना यातागान म्हटलं की तेच आठवतं. त्यामुळे आपल्या आजोबाच्या कमरेचा मेंढपाळी सुरा दाखवावा आणि समोरच्याने त्याला यातागान म्हणावं, हे त्यांना किती लागलं असेल. माझ्या घरमालकीणबाई पण तशाच आहेत, कॉफीला तुर्की कॉफी म्हटलेलं चालतं पण सुऱ्याला नाही.

तुम्ही परत जा, "ओव्चार्स्की नोझ" म्हणा, बघा कसे बोलायला लागतात. तिकडे पात्यावर नाव आणि साल घालायची पद्धत होती, ते नाव त्यांना वाचून दाखवायला सांगा. म्यानाला कानिया म्हणतात.

आणि विकत घ्यायचं तर माझं मत जुना नको, गाब्रोवोला एतरला जा. गावापासून ८ किमीवर ओपन एअर म्युझियम आहे, १९६४ पासून, ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या कार्यशाळा आहेत आणि कारागीर समोर बसून काम करतात. तिथे साधी कोस्तुर्का पण मिळते, लहान, रोजच्या वापराची. सोफियाहून अंदाजे २२० किमी, सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतं पण राहा एक रात्र, शिपका खिंड पण बघून होईल.

कस्टमकाका

भाचीबाईंच्या सल्ल्याला माझं अनुमोदन, आणि कारण कायद्याचं आहे. बल्गेरियात २००९ पासून सांस्कृतिक वारसा कायदा आहे, जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर ती वारशात मोडते का ते बघून कागद लागतो. स्टॉलवाला म्हणेल काही होत नाही, पण एअरपोर्टवर तो नसतो, तुम्ही असता.

दुसरं भारतातलं. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा सुरा, जर तो घरकाम, शेती, कारखाना यासाठी बनवलेला नसेल तर, शस्त्रांच्या यादीत येतो. तुम्ही फूटभर पातं म्हणताय म्हणजे १२ इंच. कस्टमच्या माणसाशी रात्री ३ वाजता "हा मेंढपाळाचा आहे हो" असा वाद घालायची वेळ आणू नका. ८ इंचांच्या आतला नवीन घ्या, बिल घ्या, बिलावर कारागिराचं किंवा दुकानाचं नाव असू द्या. चेक-इन बॅगेतच, धारेवर पुठ्ठा, वरून कापड, चिकटपट्टी. हातातल्या बॅगेत चुकूनसुद्धा नाही, गिफ्ट आहे म्हणून कुणी सोडत नाही.

पोलादपंत

काकांचं बरोबर. तरी खरा-खोटा ओळखायचं विचारलंय म्हणून लिहितो, कारण बाबांनाही आवडेल. शिंग जुनं झालं की आकसतं, रिव्हेटच्या आजूबाजूला बारीक चिरा दिसतात, धातूची कड बोटाला किंचित वर लागते. सगळं एकदम सपाट आणि गुळगुळीत असेल तर मूठ नवी किंवा प्लॅस्टिकची. पात्यावर गंजाचे खड्डे सगळीकडे एकसारखे दिसले तर ॲसिडचं काम समजा, खरा गंज असा समान कधी पसरत नाही. आणि अक्षर खड्ड्याच्या आतूनही स्वच्छ गेलेलं दिसलं तर गंज आधीचा आणि साल नंतर कोरलेलं. साल घातलं की किंमत वाढते हे सगळ्यांना माहितीये. पात्यावर सिरिलिक नाव असलं तरी त्यातून तो कुणासाठी केला एवढंच कळतं, आकार कुठून आला ते नाही. विकणारे मात्र गिऱ्हाईक बघून बोलतात, परदेशी माणसाला "ऑटोमन" सांगितलं की जास्त पैसे येतात.

शिंगाबद्दल अजून एक. बल्गेरियात म्हशी पूर्वीपासून आहेत, पण १९६० च्या दशकात त्यांनी भारतातून मुऱ्हा म्हशी नेल्या आणि स्थानिक म्हशींशी संकर केला, बल्गेरियन मुऱ्हा अशी जातच आहे. त्यामुळे आज घेतलेल्या सुऱ्याची मूठ म्हशीच्या शिंगाची असेल तर त्या म्हशीची खापरपणजी हरियाणातली असू शकते. बाबांना हे सांगा.

अडकित्तेवाल्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

अपडेट देते. शनिवारी आजोबांकडे परत गेले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं ओव्चार्स्की नोझ म्हणाले आणि आधी माफी मागितली. त्यांनी सुरा काढला, पात्यावरचं नाव बोट ठेवून वाचलं, स्टोयान, आणि मग बराच वेळ त्यांच्या वडिलांच्या मेंढ्यांबद्दल सांगत होते, मला निम्मंच कळलं. मी स्वच्छ सांगितलं की विमानातून नेता येणार नाही म्हणून घेत नाहीये, तर म्हणाले फोटो काढ आणि बाबांना दाखव. मुठीचे, रिव्हेटचे, पाठीचे सगळीकडून काढू दिले. रिव्हेटपाशी चिरा होत्या पंत, आणि कड बोटाला लागली.

बाबांना रात्री व्हिडिओ कॉलवर दाखवले. कुणाचा, कुठला हे त्यांनी विचारलंच नाही, पहिला प्रश्न "पाठ किती मिलिमीटर?" मग म्हणाले दोन कानांमधल्या खाचेत तळहाताची कड बसत असणार, हातात घेऊन बघितलंस का? घेतला नव्हता. आता पुढच्या शुक्रवारी एतरला चाललोय, ७ इंचांच्या आतला घेणार, शक्यतो करणाऱ्याच्या हातून, आणि कॅलिपर बरोबर नेणार. कानवाली मूठ लहान सुऱ्याला मिळते का बघते, नाहीतर कोस्तुर्का.

शेवटचं एक विचारते, पुण्याच्या पावसाळ्यात शिंगाची मूठ आणि साधं पोलाद टिकवायला काय करायचं? घरी अडकित्त्यांना बाबा खोबरेल लावतात.

पोलादपंत

खोबरेल नको, खवट होतं आणि थंडीत थिजतं. पात्याला शिलाई मशीनचं तेल, अगदी पातळ. शिंगाला महिन्या-दोन महिन्यांनी जवसाच्या तेलाचा हलका हात, लगेच पुसून घ्यायचा. आणि कातड्याची कानिया मिळाली तर ती शेजारी ठेवा, पातं कायमचं आत ठेवू नका, जूनमधे ओल धरते आणि ऑगस्टपर्यंत गंजाचे ठिपके येतात. पाठ किती मिलिमीटर निघाली ते इथे लिहा.