राजकीय विडंबनपटात सगळेच दिसायला हवेत का?

(काकदृष्टी, तळटीप आणि उलटतपासणी या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

काकदृष्टी : ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपट या विभागात उतरायचे तर २०२४ च्या सोहळ्यापासून स्त्रिया आणि इतर वंचित गटांच्या प्रतिनिधित्वाची काही मानके पूर्ण करावी लागतात. इतर चित्रपटांचे काय ते असो, राजकीय विडंबनपटाला अशी मोजपट्टी लावणे मला पटत नाही. सत्तेच्या दालनात कोण बसले आहे आणि कोणाला तिथे प्रवेशच नाही, हेच तर या प्रकाराचे लक्ष्य असते. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६४ च्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्ये अणुयुद्ध टाळण्यासाठी भरलेल्या बैठकीत एकही स्त्री नाही. त्या टेबलाभोवती दोन-तीन समंजस महिला मंत्री बसवल्या असत्या, तर हजेरीपट भरला असता आणि विनोदाची धार गेली असती. कारण महासंहारानंतर खाणींत दर पुरुषामागे दहा स्त्रिया ठेवण्याचा बेत तिथे ज्या गांभीर्याने मांडला जातो, ते गांभीर्य केवळ पुरुषांच्याच बैठकीत शोभते.

तळटीप : उदाहरण नेमके आहे, पण नियमाची मांडणी अर्धवट आहे. मानके चार आहेत आणि त्यांपैकी दोन पूर्ण केली तरी पुरते. पडद्यावरची पात्रे आणि कथानक यांच्याशी त्यांतील एकाचाच संबंध आहे. उरलेली तीन पडद्यामागची माणसे, नवोदितांना मिळणारी प्रशिक्षणाची संधी आणि प्रसिद्धी-वितरणाचे काम यांच्याविषयी आहेत. म्हणजे तुमची पुरुषांची बैठक जशीच्या तशी ठेवूनही चित्रपट पात्र ठरू शकतो. माझा आक्षेप बैठकीवर नाहीच. संपूर्ण चित्रपटात एकच अभिनेत्री आहे आणि तिच्या वाट्याला बिकिनी व सेनाधिकाऱ्याचे फोनवरचे निरोप आले आहेत. त्या पुरुषांना त्यांच्या मूर्खपणावरून हसायचे आणि तिच्याकडे मात्र नुसते पाहायचे, ही विभागणी सत्तेवरचे भाष्य म्हणून खपवता येईल, असे मला वाटत नाही.

उलटतपासणी : त्याच चित्रपटातले दुसरे उदाहरण कोणी घेतले नाही. अण्वस्त्रे घेऊन निघालेल्या विमानात एकच कृष्णवर्णीय अधिकारी आहे. जेम्स अर्ल जोन्स यांची ती पहिली चित्रपटभूमिका. हल्ल्याचा आदेश आल्यावर ही निष्ठेची परीक्षा तर नसेल ना, अशी शंका तोच घेतो आणि त्यानंतर आपले काम इतरांइतकेच चोख बजावतो. त्याला संत केलेले नाही की विदूषकही केलेले नाही. प्रतिनिधित्वाच्या आग्रहातून वंचित गटातील पात्र हमखास शहाणे आणि सोशिक ठेवण्याची जी खोड लागते (अशा पात्रांचा मला मनस्वी कंटाळा आहे), तिच्यापेक्षा हे कितीतरी बरे.

तळटीप : सहमत. मात्र 'सत्तेत तेव्हा तसेच लोक होते' हा युक्तिवाद सोयीने वापरला जातो. स्टालिनच्या मृत्यूनंतरच्या सत्तासंघर्षावरच्या 'द डेथ ऑफ स्टालिन' या २०१७ च्या विडंबनपटात सोव्हिएत नेते ब्रिटिश आणि अमेरिकी ढंगाने बोलतात. स्टालिन आणि त्याचा गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया जॉर्जियाचे होते, ही ओळख उच्चारांतून पुसली गेली आणि त्याबद्दल दिग्दर्शकाचे कौतुकच झाले. दिग्दर्शक इतिहासापासून इतका दूर जाऊ शकत असेल, तर पात्रांची निवड करतानाच त्याला इतिहासाने जखडले आहे, असे कसे म्हणता येईल?

काकदृष्टी : उच्चार हे साधन आहे, तर सत्ता चालवणाऱ्या समितीची रचना हे लक्ष्य. स्टालिनच्या मृत्यूच्या वेळी, १९५३ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च समितीत एकही पूर्ण सदस्य स्त्री नव्हती. येकातेरिना फुर्त्सेवा यांना ते स्थान १९५७ मध्ये मिळाले. ती रचना बदलली तर टीका कोणावर करायची? नियम सौम्य असला तरी निर्माते सावधगिरीने आधीच पात्रे बदलतात, ही माझी भीती कायम आहे.

तळटीप : मग आपला वाद पात्रांवर न होता लेखकांवर व्हायला हवा. 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'च्या पटकथेवर कुब्रिक, टेरी सदर्न आणि पीटर जॉर्ज अशा तिघा पुरुषांची नावे आहेत. लेखकांत एखादी स्त्री असती, तर बैठक कदाचित तशीच राहिली असती. पण फोनवर निरोप देणाऱ्या त्या सेक्रेटरीला स्वतःचा एखादा विनोद नक्कीच मिळाला असता.