अडीच वर्षांच्या मुलीच्या अंगावरील पक्क्या मार्करचे डाग कसे काढावेत? सल्ला हवा आहे

निळाई

नमस्कार. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. काल दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत असताना, खोक्यांवर नावे लिहिण्यासाठी आणलेला काळा पक्का मार्कर तिच्या हाती लागला आणि मी खोलीत येईपर्यंत तिने दोन्ही हातांवर, पोटावर, डाव्या गुडघ्यावर आणि उजव्या गालावर डोळ्यापासून जेमतेम दोन बोटांच्या अंतरावर रेघोट्या ओढून ठेवल्या होत्या. तळहातावर बॉलपेनाचे निळे गोल आहेत, ते त्याआधीच काढलेले असावेत.

कोमट पाणी आणि तिचा नेहमीचा साबण लावून दोनदा धुतले, पण मार्करची रेघ जराही फिकी झाली नाही. मग अंघोळीच्या खरखरीत स्पंजाने घासले. त्याने पोटावरची कातडी लाल झाली आणि ती रडू लागली, तेव्हा मी थांबले. आज सकाळीही तो भाग थोडा लालसर दिसतो आहे आणि काळी रेघ मात्र आहे तशीच आहे.

घरातून आणि शेजारून नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा, सॅनिटायझर असे पाच उपाय सुचवले गेले आहेत. यांतले लहान मुलाच्या कातडीला चालणारे कोणते आणि मुळीच न वापरण्याचे कोणते, हे जाणत्यांनी कृपया सांगावे. गालावरच्या रेघेचे काय करावे आणि ही शाई कातडीतून शरीरात जाते का, हेही समजून घ्यायचे आहे. काल रात्री त्याच विचाराने झोप लागली नाही.

रेवती

निळाई, घासणे थांबवलेत हे फार चांगले केलेत. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी तेलानेच काम झाले. खोबरेल तेल किंवा बेबी ऑइल, जे तिच्या अंगाला आधीपासून सोसते ते घ्या. कापसाच्या बोळ्यावर घेऊन रेघेवर भरपूर लावा, पाच ते दहा मिनिटे तसेच राहू द्या, मग मऊ सुती कापडाने एकाच दिशेने हलकेच पुसून घ्या आणि शेवटी साबणाने तेल धुऊन टाका. एका वेळेत सगळे जाणार नाही. सकाळ-संध्याकाळ केल्यास दोन दिवसांत बराच फरक दिसतो. पोटाचा लाल भाग मात्र आज तसाच सोडा.

शाईदौत

मी लेखनसाहित्याच्या शाया तपासण्याच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो, कारण डाग कशाचा आहे हे कळल्याशिवाय उपाय निवडणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे.

मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, धुता येणाऱ्या स्केचपेनांत पाण्यात विरघळणारा रंग असतो आणि तो साबणपाण्याने जातो. दौतीच्या शाईचेही बहुधा तसेच आहे, फक्त ती नखांच्या कडेला जरा रेंगाळते. पक्क्या मार्करची गोष्ट वेगळी आहे. त्यात रंग अल्कोहोलच्या जातीच्या द्रावकात विरघळवलेला असतो आणि सोबत राळ असते. द्रावक काही क्षणांत उडून जातो, मागे राहिलेली राळ रंगाला धरून पातळ पापुद्र्यासारखी कातडीला चिकटते, आणि या राळेला पाणी लागत नाही. तुम्ही दोनदा धुऊनही रेघ हलली नाही याचे कारण एवढेच आहे, त्यात तुमचे काही चुकलेले नाही. तेल त्या राळेची पकड सैल करते आणि रंग आपल्यात ओढून घेते, त्यानंतर साबण त्या रंगीत तेलाला पाण्याबरोबर वाहून नेतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी कोरड्या कातडीवर तेल आणि मग साबण. ओल्या कातडीवर लावलेले तेल रेघेपर्यंत नीट पोहोचत नाही.

बॉलपेनाची शाई मुळातच तेलकट, दाट असते, त्यामुळे तळहातावरचे निळे गोल याच उपायाने आणि बहुधा मार्करच्या आधी निघतील. फळ्यावर लिहायच्या मार्करमध्ये पृष्ठभागाला चिकटू न देणारा घटक मिसळलेला असतो, तोही तुलनेने लवकर सुटतो.

पुसताना कापसाकडे लक्ष ठेवा. काळा मार्कर पुष्कळदा एकाच रंगाचा नसतो, अनेक रंग मिसळून तो काळा दिसतो. त्यामुळे बोळ्यावर आधी जांभळट आणि मग निळसर-हिरवट कड उमटलेली दिसेल. ती दिसली की रंग सुटू लागला असे समजावे आणि लगेच बोळा बदलावा, नाहीतर तोच रंग शेजारच्या स्वच्छ कातडीवर पसरतो.

आता शाई आत जाते का, याविषयी. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो आणि रंग प्रामुख्याने त्यातच अडकतो. तो थर सतत झडत असतो आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ण बदलतो, म्हणून हा डाग काहीही न करताही जाणारच आहे, एरवी रोजच्या अंघोळीने तो काही दिवसांतच फिका पडतो. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईतील सिल्व्हर नायट्रेट कातडीतल्या घटकांशी प्रत्यक्ष संयोग पावते, त्यामुळे ती कशानेच पुसत नाही. मार्करचा रंग असा संयोग पावत नाही, तो नुसता चिकटलेला असतो.

तरीही एक जुनी नोंद सांगावीशी वाटते. १८८६ मध्ये इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकात, लंगोटांवर शिक्का मारण्याच्या शाईतील ॲनिलिनमुळे नवजात बाळे निळी पडल्याची हकिकत छापून आली होती. ते रसायन कातडीतून रक्तात जाऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करत होते. आजच्या मार्करच्या रेघोट्यांना ते लागू नाही, आणि तुम्ही घाबरावे म्हणूनही हे लिहीत नाही. मुद्दा इतकाच की बाळाची कातडी सगळेच बाहेर थोपवते असे नाही, आणि डाग काढायला आपण जे चोळतो त्याचाही विचार डागाइतकाच करायला हवा.

पारिजात

मी मुलांच्या विभागात परिचारिका आहे. शाईदौत यांच्या शेवटच्या वाक्यापासूनच पुढे लिहिते, कारण शाईने झालेल्या इजेपेक्षा शाई काढताना झालेली इजा मी कितीतरी जास्त वेळा पाहिली आहे.

नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यात बहुधा ॲसिटोन असते, ते कातडीतील नैसर्गिक तेल काढून घेते, जळजळ करते, त्याची वाफ मुलाच्या नाकातोंडात जाते आणि ते झटकन पेट घेते. थिनर, रॉकेल, टर्पेंटाइन आणि कपड्यांचे ब्लीच यांचे तर नावच काढू नये. लिंबू पुष्कळांना निरुपद्रवी वाटते, पण तसे नाही. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि त्यांचे काळे चट्टे कितीतरी आठवडे राहतात, म्हणजे चार दिवसांच्या डागासाठी आपण लांबचे दुखणे घरात आणतो. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आणि कातडी किंचित आम्लधर्मी, शिवाय त्याचे कण घासतात. टूथपेस्टही घासूनच काम करते, त्यामुळे तुमच्या मुलीच्या लाल झालेल्या पोटावर या दोन्ही गोष्टी मुळीच लावू नका. भिंतीवरचे डाग काढायचा पांढरा स्पंज हा खरे तर अतिशय बारीक काचकागद असतो, त्यानेही मुलांची कातडी सोलवटते.

सॅनिटायझर किंवा स्पिरिट यांनी मार्कर निघतो हे खरे आहे, कारण मार्करचा रंग अल्कोहोलमध्येच विरघळलेला असतो. पण मूल जितके लहान तितकी कातडी पातळ आणि वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून जे काही लावाल ते त्याच्या अंगात मोठ्या माणसापेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते. शिवाय या वयात हात सारखा तोंडात जातो, आणि पोटात गेलेल्या अल्कोहोलने लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर ते नकोच, आणि तुमच्या मुलीलाही चेहरा, लाल झालेला भाग, ओरखडे आणि हाताची बोटे येथे नको.

गालावर फक्त तेल वापरा, तेही थेंब ओघळणार नाही इतकेच. कापूस पिळून घ्यावा आणि डोळ्यापासून कानाच्या दिशेने पुसावे. ती झोपेत असताना करू नका, कारण अर्धवट जागे होऊन तेलाचा हात डोळ्यांत जाईल. डोळ्यांत काही गेलेच तर कोमट पाण्याने पंधरा मिनिटे सावकाश धुवा आणि लाली किंवा दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

बेबी ऑइलची बाटली काम झाल्याबरोबर उंचावर ठेवा. पातळ खनिज तेल पिताना ठसका लागून ते फुप्फुसात गेले तर तिथे गंभीर सूज येते, आणि अशा वेळी उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे. मार्करचे टोक चोखले असेल तर बहुधा जीभ रंगण्यापलीकडे काही होत नाही. तोंड ओल्या कापडाने पुसून थोडे पाणी पाजावे, आणि खोकला, उलटी किंवा सुस्ती दिसली तरच धावपळ करावी.

निळाई

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आणि आज सकाळी खोबरेल तेल लावले. शाईदौत यांनी लिहिल्याप्रमाणे बोळ्यावर आधी खरोखरच जांभळट कड आली आणि ती पाहून मला केवढा धीर आला. तळहात पहिल्याच खेपेला स्वच्छ झाला, हातांवरच्या रेघा करड्या झाल्या आहेत, गालावरची रेघ जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाही. गुडघ्यावर मात्र रंग कातडीच्या बारीक सुरकुत्यांत जाऊन बसला आहे, पाय दुमडला की काळी जाळी दिसते आणि सरळ केला की एकच डाग दिसतो. तेवढ्या जागेपुरते स्पिरिट चालेल का? शाळेतल्या बाईंनी छायाचित्रासाठी परवा स्वच्छ पाठवायला सांगितले आहे, म्हणून विचारते.

पारिजात

गुडघ्यावर ओरखडा किंवा लाली नसेल तर चालेल, पण बेताने. कानकाडीच्या टोकापुरतेच घ्या, खिडकी उघडी ठेवा, जवळपास पेटता गॅस किंवा निरांजन नको. आधी नखाएवढ्या जागेवर लावून पाहा. ती चुरचुरते म्हणाली तर तिथेच सोडून द्या. दोन-तीनदा टेकवून लगेच साबणपाण्याने धुवा आणि वर मॉइश्चरायझर लावा, कारण अल्कोहोलने कातडी कोरडी पडते. एकाच दिवसात पुन्हा नको. मी तुमच्या जागी असते तर छायाचित्राच्या दिवशी लांब पायजमा घातला असता आणि गुडघ्याला हात लावला नसता.

शाईदौत

आणखी एक करून पाहा. तेल लावण्याआधी गुडघा कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजू द्या, टिपून अगदी कोरडा करा, मग पाय दुमडून तेल लावा म्हणजे सुरकुत्या उघडतात, आणि पुसतानाही पाय दुमडलेलाच ठेवा. वरच्या मृत पेशी भिजून फुगल्या की त्यांतल्या काही रंगासकट सुटून येतात.

पुढच्या खरेदीसाठीही एक सुचवतो. वेष्टनावर नुसते ‘बिनविषारी’ लिहिलेले पाहून थांबू नये. ‘पाण्याने धुता येणारे’ असे वेगळे लिहिले आहे का ते पाहावे, कारण त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पक्का मार्करही बिनविषारी असू शकतो आणि तरीही आठवडाभर अंगावर राहू शकतो. युरोपातील ईएन ७१ किंवा अमेरिकेतील एएसटीएम डी-४२३६ हे मानक छापलेले असेल तर त्यातील घटकांचा विचार झालेला आहे असे समजावे, पण डाग निघेल की नाही हे त्यावरून कळत नाही.

निळाई

स्पिरिट वापरलेच नाही. भिजवून, पाय दुमडून तेल लावले, तेव्हा ती पूर्ण वेळ टबाच्या कडेवर बसून स्वतःच कापूस फिरवत होती. जाळीतल्या मधल्या चार-पाच रेषा उरल्या आहेत. पोटाची लाली गेली आहे, तिथली रेघ उद्यापासून तेलाने काढायला घेईन. मार्कर कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आहे.