जुन्या ऑइल इंजिनांच्या मंडळात नवी पोरं कशी आणायची आणि टिकवायची?

मिरजेचा_चक्का

नमस्कार मंडळी. मिरज-सांगली भागात आमचं जुन्या ऑइल इंजिनांचं मंडळ आहे. लिस्टर टाइपची (इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धर्तीची) सहा घोड्यांची म्हणजे सहा हॉर्सपॉवरची इंजिनं, सातारा रोडची कूपर, किर्लोस्करची जुनी मॉडेलं असा संग्रह, त्यातली निम्मी चालू. सभासद जवळपास सगळे साठीच्या घरातले, त्यामुळे चक्का (इंजिनाचं जड फ्लायव्हील) चढवायचा म्हटलं की माणसं गोळा करत फिरावं लागतं. शेतकी प्रदर्शनात इंजिन लावलं की गर्दी तुफान होते, पोरं शूटिंग करतात, वहीत नंबर लिहून जातात आणि परत कुणी फिरकत नाही. विशी-पंचविशीतली मुलं यावीत आणि टिकावीत म्हणून नेमकं काय करावं? वर्गणी कमी करावी का? मंडळ नोंदलेलं नाही, त्यानं काही अडतं का?

कराडची_गिरणी

वर्गणीला हात लावू नका, अडचण तिथे नाही. प्रदर्शनात आपण चकाचक रंगवलेलं इंजिन दोरीच्या आत चालू ठेवतो आणि बाहेरच्यानं फक्त बघायचं. बघून झालं की तो पुढच्या स्टॉलवर जातो, त्यात त्याची चूक नाही.

चालू इंजिनाशेजारी दुसरं एक बंद, उघडलेलं इंजिन ठेवा. हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उतरवलेलं, क्रँककेसचं (खालच्या पेटीचं) दार काढलेलं, डिझेलची टाकी रिकामी. चक्का हातानं फिरवला की पिस्टन खालीवर होताना, कॅम (शाफ्टवरचा उंचवटा) पुशरॉड (झडप उघडणारी दांडी) उचलताना दिसला पाहिजे. पोरालाच फिरवायला सांगा. मात्र चक्का फिरत असताना दाराच्या आत कुणाचं बोट जाऊ देऊ नका, तिथे पारदर्शक अॅक्रिलिकचा तुकडा बसवा. लिस्टर टाइप इंजिन मिनिटाला 650 फेऱ्यांवर चालतं, चार स्ट्रोकचं असल्यामुळे मिनिटाला 325 ठोके, म्हणजे सेकंदाला साधारण पाच. चालू इंजिनाचे ठोके आधी मोजायला लावा, मग उघड्या इंजिनावर दोन फेऱ्यांना एक ठोका का पडतो ते दाखवा. ज्याचे डोळे तिथे चमकतात तो आपला माणूस. बाकीच्या पन्नास नंबरांच्या मागे लागू नका.

त्याच्या हातात छापील चिठ्ठी द्या: पुढच्या कामाची तारीख, जागा, वेळ आणि त्या दिवशी कोणतं काम आहे ते. ‘कधीही या’ म्हटलं की कुणी येत नाही. तारीख दोन आठवड्यांच्या आतली हवी आणि दोन दिवसांत फोन आपण करायचा.

डिझेल_निदेशक

आयटीआयमधल्या डिझेल मेकॅनिक ट्रेडची मुलं हे तुमचं पहिलं ठिकाण. ट्रेड एका वर्षाचा आहे. मुलं कॉमन रेल (नव्या गाड्यांतली डिझेल फवारायची पद्धत), सेन्सर शिकतात, पण सगळं झाकणाखाली असतं. एक सिलिंडरचं मंदगती इंजिन त्यांना एका बैठकीत समजतं. प्राचार्यांच्या नावे पत्र द्या, पण आधी शिल्पनिदेशकांना प्रत्यक्ष भेटा. परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका.

कामाचा दिवस असा आखा. एका इंजिनाला पाच-सहा मुलं, त्याहून जास्त नकोत, नाहीतर दोघं काम करतात आणि बाकीचे फोन काढतात. तीन तास पुरे. सुरू होण्याजोगं पण बंद पडलेलं इंजिन निवडा. जाम झालेलं पहिल्या दिवशी घेऊ नका, त्यात डिझेल आणि ऑइल ओतून आठवडाभर भिजत ठेवावं लागतं, मुलं कंटाळतात आणि कुणीतरी पिस्टनवर हातोडा घालतो.

आधी टाकी आणि फिल्टर धुणं, मग एअर काढणं, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा बाहेर काढणं. टाकीचा कॉक उघडा, पंपावरचा ब्लीड स्क्रू ढिला करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग नोझलकडचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या टोकाकडचं) पाइपचं नट ढिलं करून डिझेल येईपर्यंत पंप चालवा आणि आवळा. आता चक्का सावकाश फिरवला की नोझल ‘कुर्रर’ बोलतं. हा आवाज प्रत्येक मुलाला कान लावून ऐकवा. पुढच्या वेळी बिघाड शोधताना तो याच आवाजापासून सुरुवात करील. नोझल बोलत नसेल तर एअर राहिली आहे किंवा नोझल चिकटलं आहे.

मग टॅपेट, म्हणजे झडपांची फट लावणं. पिस्टन वर आणि दोन्ही पुशरॉड बोटांनी सैल फिरतात अशी जागा शोधायला लावा, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) द्या आणि माप मेकरच्या पुस्तिकेतलंच धरा. शेवटी सुरू करणं. इंजिन ज्या दिवशी उघडलं त्याच दिवशी त्याचा ठोका ऐकू आला पाहिजे, पहिल्या भेटीत एवढं तरी पदरात पडावं.

पट्टा_आणि_पुली

निदेशक सरांचा आराखडा उत्तम आहे, पण सुरू करण्याआधीची एक गोष्ट त्यात हवीच. वर्षानुवर्षं पडून असलेल्या इंजिनाच्या पंपाची रॅक (डिझेल कमीजास्त करणारी सळी) चिकटलेली असते. ती पूर्ण डिझेलवर अडकली तर गव्हर्नरला (वेग आवरणाऱ्या भागाला) ती ओढता येत नाही आणि इंजिन सुसाट सुटतं. ओतीव चक्का जास्त फेऱ्यांवर फुटला तर तुकडे लांबवर जातात. म्हणून रॅक बोटानं पुढेमागे सरकते का ते बघितल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. हवेच्या तोंडावर दाबायला जाड फळी घेऊन एक जुना सभासद तयार उभा हवा.

नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवा:

- हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला. उलट झटका बसला तर हात सुटला पाहिजे.
- डिकॉम्प्रेशन लिव्हरवर (चक्का हलका फिरावा म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या दांड्यावर) जुना माणूस, हँडलवर नवा. इंजिनानं उचल घेतली की हँडल आपोआप सुटायला हवं. सुटत नसेल तर शाफ्टचं टोक आणि हँडलचा खाचा घासून साफ करा, ग्रीस द्या.
- चक्क्याच्या चावीचं (चक्का शाफ्टवर पक्का धरणाऱ्या पाचरीचं) डोकं बाहेर आलेलं असतं, फिरताना ते दिसत नाही आणि कपडा धरतं. त्यावर पत्र्याची टोपी बसवा. ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातला पंचा घेऊन कुणी जवळ येणार नाही.
- बाहेर काढून तपासताना नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नाही. तो कातडीच्या आत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते.

अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. एक अपघात झाला की गावातून पुन्हा कुणी मूल पाठवणार नाही.

मिरजेचा_चक्का

आभार. आमच्याकडची बरीच इंजिनं सभासदांच्या खाजगी मालकीची आहेत. ती नव्या मुलांच्या हाती द्यायला काही जण नाखूश आहेत. यावर काय?

कराडची_गिरणी

पोरं न टिकण्याचं खरं कारण बहुतेक हेच असावं. वर्षभर घाम गाळून दुसऱ्याच्या मालकीचं इंजिन चमकवायचं आणि चालवायला मात्र मालकच, असं किती दिवस चालेल? मंडळाच्या नावावर निदान एक-दोन इंजिनं घ्या. बंद पडलेल्या पिठाच्या गिरण्या आणि गुऱ्हाळं यांच्याकडे ती भंगारात जायच्या वाटेवर पडून असतात. तीन-चार मुलांच्या गटाला एक इंजिन सोपवा, नोंदवही त्यांच्याकडेच द्या: ऑइल कधी बदललं, कोणता भाग कुठून आणला, किती तास चालवलं. प्रदर्शनात ते इंजिन तीच मुलं सुरू करतील. तुमच्यातल्या एकानं बाजूला उभं राहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. हे जड जातं, पण केलंच पाहिजे.

डिझेल_निदेशक

नोंदणीचा मुद्दा इथेच जोडला जातो. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान 7 सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद करतात, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. मंडळाच्या नावे बँक खातं निघतं, दान आलेलं इंजिन कुणाचं यावर वाद होत नाही, आणि आयटीआय किंवा कॉलेज पत्राला उत्तर देतं. दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात आणि कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज. ते सांभाळणारा एक माणूस आधी शोधा, मग अर्ज करा. विश्वस्तांत तिशीच्या आतले दोघं तरी घ्या.

पट्टा_आणि_पुली

आणि गावोगावचे गिरणी-गुऱ्हाळांचे जुने मिस्त्री विसरू नका. मेटल बेरिंग घासून बसवणं, निळा रंग लावून बेरिंग शाफ्टला कुठे टेकतं ती जागा बघणं, हे त्यांच्याच हातात उरलंय. त्यांना वर्गणी माफ करा, जाण्यायेण्याचा खर्च द्या आणि त्यांच्या हाताखाली दोन पोरं लावा. बेरिंग घासायचा दिवस पोरांना आठवडाभर आधी कळवा, त्या दिवशी कुणी गैरहजर राहत नाही.