‘सॉफ्ट लाइट’ म्हणजे सौम्य की मऊ?

मोगरा:
घरच्या घरी एकाच फ्लॅशवर माणसांचे फोटो कसे काढावेत, यावरच्या एका इंग्रजी टिपणाचं मराठी करतेय. गाडी ‘सॉफ्ट लाइट’पाशी अडली आहे. बहुतेक ठिकाणी ‘सौम्य प्रकाश’ छापलेलं दिसतं. असंच एक भाषांतर वाचून माझ्या मामेबहिणीने फ्लॅशची ताकद एक चतुर्थांशावर आणली. आजीचा फोटो काळपट आला आणि नाकाची सावली गालावर सुरीने कापल्यासारखी होती, ती तशीच राहिली. सौम्य म्हटल्यावर कुणीही उजेड कमीच करणार, तिचं काय चुकलं? इथे प्रश्न उजेड किती याचा नाही, सावलीची कड कशी याचा आहे. फ्लॅशचं तोंड छोटं, म्हणून कड धारदार. तोच फ्लॅश शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर मारला की भिंतच दिवा होते आणि सावली कडेला विरत जाते. उजेड मात्र भरपूर ठेवता येतो. मी ‘मऊ उजेड’ लिहिलं, तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, मऊ हे हाताला लागतं, डोळ्यांना नाही. तुम्ही काय म्हणता?

स्टुडिओवाला, कोल्हापूर:
वडिलांच्या काळापासून आमच्यात ‘सॉफ्ट’ आणि ‘कडक’ हीच जोडी. फ्लॅशला उजेड पसरवणारी छत्री लावली की सॉफ्ट, थेट मारला की कडक. कडकच्या उलट मऊ, यात न कळण्यासारखं काय आहे? ऊनसुद्धा कडक असतंच की, ते कुठे हाताला लागतं! बिनधास्त ‘मऊ’ लिहा.
टिपणात नसेल तर एक भर घाला. नुसता छतावर मारू नका. उजेड डोक्यावरून येतो, भुवयांची सावली डोळ्यांत उतरते, खोबणी काळ्या दिसतात. आडवा, बाजूच्या भिंतीवर मारा, म्हणजे बुबुळात चमक येते. भिंत हिरवी-गुलाबी असेल तर चेहराही तसाच होतो, तेव्हा पांढरी चादर टांगा. दुसऱ्या गालाशी थर्माकोलचा तुकडा धरला की काम झालं.

पाणिनीय:
‘मृदू’ हा शब्द असताना ‘मऊ’वर अडायचं कारण काय? मृदुप्रकाश, कठोरप्रकाश. आणि हात घातलाच आहे तर फ्लॅशलाही ‘क्षणदीप’ म्हणा. सावरकरांचा ‘महापौर’ही एके काळी नवाच होता. वापरला म्हणून रुळला.

वऱ्हाडातली लेक:
मऊ हा मृदूचाच लेक आहे हो, मृदु–मउ–मऊ असा घरी आलेला. परत त्याला संस्कृतात कशाला धाडायचं? आणि ‘क्षणदीप’ कोण मारणार? ‘फ्लॅश मारला’ यातलं ‘मारणं’ किती मराठी आहे बघा. शिट्टी मारतो, हाक मारतो, झाडू मारतो, तसाच फ्लॅश मारतो. नाम बाहेरचं असेल, पण त्याला क्रियापद आपलं मिळालं की तो शब्द आपला. आजीला फोटोसाठी बसवून ‘क्षणदीप उजळतो’ असं कुणी म्हणून दाखवा.

पाणिनीय:
आजीशी कसं बोलावं आणि टिपणात काय छापावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. छापताना प्रत्येक वेळी इंग्रजीपुढे हात पसरला तर पुढच्या पिढीला स्वतःचा शब्द घडवायचं धैर्यच राहणार नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

रत्नांग्रीकर:
आमच्याकडे आभाळ भरलं की ‘मळभ आलंय’ म्हणतात. मळभात सावली पडतच नाही, कारण आख्खं आभाळच दिवा झालेलं असतं. भिंतीवर मारलेल्या फ्लॅशचं तत्त्वही तेच. ‘मळभाचा उजेड’ का नको?

मोगरा:
मळभ फार आवडलं. पण मनावरही मळभच येतं ना? हसऱ्या फोटोसाठी जड होईल. दुसरी अडचण ‘बाउन्स’ची. ‘परावर्तित’ पाठ्यपुस्तकी वाटतं. क्रिकेटमधला ‘टप्पा’ कसा वाटतो? ‘भिंतीवर टप्पा घेऊन आलेला उजेड’.

वऱ्हाडातली लेक:
टप्पा कशाला, कवडसा आहे की! शाळेत कंपासपेटीच्या झाकणाने आम्ही फळ्यावर कवडसे पाडायचो. परतून आलेला उजेड म्हणजे कवडसा.

रत्नांग्रीकर:
छे. कवडसा कौलाच्या फटीतून पडतो. माजघरात जमिनीवर पडलेला उन्हाचा गोल तुकडा, त्यात धूळ तरंगताना दिसते. आरशाने पाडतात ती तिरीप.

वऱ्हाडातली लेक:
तिरीप म्हणजे आडवी आलेली उन्हाची रेघ. आरशाची कशी असेल? आमच्याकडे दोन्ही कवडसेच.

गच्चीवरचा दुर्बीणवाला:
फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल पडतो, कारण तो फटीचा आकार नसतो, सूर्याची प्रतिमा असते. 26 डिसेंबर 2019 च्या सकाळी ग्रहणात आमच्या आंब्याखाली सगळे कवडसे चंद्रकोरी झाले होते. सोसायटीतली पोरं कागद पसरून त्या झेलत होती. अंधाऱ्या खोलीत भोकातून प्रतिमा पाडायची, हेच कॅमेऱ्याचं मूळ आणि ‘कॅमेरा’चा मूळ लॅटिन अर्थही खोलीच. तेव्हा फोटोच्या टिपणात कवडसा हवाच, पण सॉफ्ट लाइटसाठी नाही. सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याचा उजेड कडक. मऊपणा येतो तो दिवा चेहऱ्यावरून किती मोठा दिसतो त्यावर. छत्री लांब नेली की ती लहान दिसते, उजेड कडक होतो आणि दुप्पट अंतरावर चौथाई उरतो.

स्टुडिओवाला, कोल्हापूर:
अगदी बरोबर. छत्री फ्रेममध्ये येणार नाही इतपतच, पण जितकी जवळ नेता येईल तितकी न्या.

पाणिनीय:
कवडसा मलाही प्रिय आहे. माझ्या मते तो कवडीवरून आला. जमिनीवर विखुरलेल्या पांढऱ्या कवड्या.

रत्नांग्रीकर:
कवडी गोल कुठे असते? लांबट असते. कवडसा ‘कवाडा’वरून. बंद कवाडाच्या फटीतून येतो तो.

गच्चीवरचा दुर्बीणवाला:
सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कवडसाही लांबटच पडतो. त्यामुळे आकारावरून कवडी बाद करता येणार नाही.

पाणिनीय:
धन्यवाद. आणि ‘कवाड’मधला ‘वा’ आखूड होऊन ‘कवड’ झाला असेल, तर तसा बदल झालेला ‘कवाडा’वरूनच आलेला आणखी एक तरी शब्द दाखवा.

रत्नांग्रीकर:
दाखवतो. पण आधी तुम्ही त्या कवडीपुढच्या ‘सा’चं काय ते सांगा.