खुनी आधीच कळला, मग पुढं काय वाचायचं?

विश्रामबागकर: आमच्या सांगलीच्या वाचनगटात सध्या रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीचं 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) चाललंय. खून पहिल्याच भागात उरकतो, अजून पाच भाग अन् उपसंहार शिल्लक! निम्मी मंडळी वैतागलीत. पुढं रहस्य काय उरतं?

कृष्णाकाठ: तपास अधिकारी पोर्फिरीच्या भेटी वाचा की. हातात ठोस पुरावा नाही, नुसतं गोड बोलून खुनी रास्कोल्निकोव्हला घाम फोडतो.

मिरजेची वहिनी: मला त्या म्हातारीची सावत्र बहीण लिझावेता सोडत नाही. सावकार म्हातारीला मारायला यानं तत्त्वज्ञान तरी रचलं होतं. हिचं काय? बिचारी अवचित घरी आली म्हणून मारली गेली, एवढंच. अन् हा स्वतःला नेपोलियन समजतोय!

विश्रामबागकर: वहिनी, पटलं. आमच्यात तिचं नावही कुणी काढलं नव्हतं. रविवारी भडंग फोडायच्या आधी हेच विचारतो.